कॅनडात रेफ्युजी क्लेम नाकारला गेला? रॅड ते फेडरल कोर्ट, पायरीपायरीने

कॅनडात संरक्षण मागितलं आणि नकार आला, की दोन प्रकारची माणसं भेटतात. एक म्हणतात, "आता काही होत नाही, सामान बांधा." दुसरी म्हणतात, "घाबरू नका, कोर्टात सगळं होतं." दोघांचंही ऐकू नका. दाद मागायला जागा आहे, पण ती अरुंद आहे आणि मुदती फार छोट्या आहेत. माझी फाइल आरपीडी, रॅड आणि फेडरल कोर्ट अशी तिन्ही ठिकाणं फिरून आली. नव्याने या वाटेवर आलेल्यांचा निदान गोंधळ तरी वाचावा म्हणून हे लिहिते आहे. हा वकिली सल्ला नाही. नियम आणि फॉर्म बदलतात, म्हणून कागद दाखल करायच्या आधी अधिकृत संकेतस्थळावरची मुदत स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

आधी नावं समजून घ्या, कारण पत्रांवर ती भराभर येतात. इमिग्रेशन अँड रेफ्युजी बोर्ड म्हणजे आयआरबी. त्याचा पहिला निकाल देणारा विभाग आरपीडी, आणि अपील ऐकणारा विभाग आरएडी, ज्याला सगळे 'रॅड' म्हणतात. रॅड डिसेंबर २०१२ मध्ये सुरू झाला. फेडरल कोर्ट बोर्डाच्या बाहेरचं, पूर्ण स्वतंत्र. देशाबाहेर पाठवण्याचं काम सीबीएसए, म्हणजे सीमा विभाग करतो.

१. निकालपत्र मिळाल्याची तारीख लिहा, मग निकाल वाचा

क्रम हाच ठेवा. मुदत निकालावरच्या तारखेपासून मोजली जात नाही, लेखी कारणं तुमच्या हाती आल्यापासून मोजली जाते. ईमेल आला असेल तर तो जपून ठेवा, टपालाने आलं असेल तर पाकीटही टाकू नका. निकाल वकिलाकडे गेला असेल तर त्यांना तो कधी मिळाला ते लगेच विचारा. तुम्हाला चार दिवसांनी कळलं, हे मुदतीच्या हिशेबात सहसा धरलं जात नाही.

मग निकाल वाचा. इंग्रजी कच्चं असेल तर जाणकाराला बसवून ओळ न ओळ समजून घ्या. पहिल्यांदा राग येतो, ते चालेल. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसा आणि प्रत्येक परिच्छेदापुढे लिहा: इथे मेंबरने, म्हणजे प्रकरण ऐकून निकाल देणाऱ्या बोर्डाच्या सदस्याने, काय मानलं, काय नाकारलं, कोणत्या पुराव्यावरून? हा कागद पुढे वकिलाच्या फार कामाला येतो.

२. तुमचं दार कोणतं?

बहुतेकांना आरपीडीच्या नकारानंतर रॅडकडे जावं लागतं आणि तिथेही नकार आला तरच कोर्टात. रॅडचा हक्क असताना तो सोडून थेट कोर्टात जाता येत नाही.

काहींना मात्र रॅडचा हक्कच नसतो. आरपीडीने क्लेम 'उघडपणे निराधार' ठरवला किंवा त्याला 'विश्वासार्ह आधारच नाही' असं म्हटलं, तर नसतो. क्लेम मागे घेतला किंवा सोडून दिल्याचं जाहीर झालं, तरी नसतो. अमेरिकेच्या जमिनी सीमेवरून, कॅनडात नातेवाईक असल्याच्या सवलतीने आत आलेल्यांनाही सहसा नसतो, आणि हे अनेकांना नकार हातात पडल्यावरच कळतं. अशांसाठी पुढचं दार थेट फेडरल कोर्टाचं.

३. रॅडचं अपील

इथे फी नाही. लेखी कारणं मिळाल्यापासून १५ दिवसांत नोटीस ऑफ अपील द्यायची आणि ४५ दिवसांत अपिलाचं पूर्ण रेकॉर्ड. सापळा असा की दोन्ही मुदती एकाच तारखेपासून सुरू होतात. नोटीस दिल्यानंतर पुढे ४५ दिवस मिळतात असं समजून बसलात तर पंधरवडा हातचा जातो.

रेकॉर्डमध्ये आरपीडीचा निकाल, नवे पुरावे असतील तर ते, आणि मेमोरँडम असतं. मेमोरँडम म्हणजे तुमचं लेखी म्हणणं, जास्तीत जास्त ३० पानं. त्यात "माझ्यावर अन्याय झाला" एवढं लिहून काही होत नाही. आरपीडीची चूक कोणती, निकालात ती कुठे आहे आणि सुनावणीत किंवा कागदपत्रांत त्याच्या उलट काय आहे, हे परिच्छेद क्रमांकासह दाखवावं लागतं. सुनावणीतल्या बोलण्याचा आधार घ्यायचा असेल तर त्या भागाचं टंकलेखन जोडा. बोर्डाकडे सुनावणीचं ध्वनिमुद्रण मागता येतं. मागाच, आणि पूर्ण ऐका.

मराठीतून साक्ष दिलेल्यांनी तर हे नक्की करावं. दुभाष्याने तुमचं वाक्य अर्धवट सांगितलं, 'सासरे' म्हणालात तिथे नुसतं 'नातेवाईक' केलं, तारीख चुकवली, आणि मेंबरने नेमक्या त्याच विसंगतीवर बोट ठेवलं, असं घडू शकतं. मात्र भाषांतरातली चूक पहिल्या संधीला सांगायची असते. सुनावणीतच लक्षात आली असेल आणि तेव्हा बोलला नसाल, तर नंतर फार जड जातं.

नव्या पुराव्याची अट कडक आहे. नकारानंतर घडलेली गोष्ट, किंवा आधी मिळणं शक्यच नव्हतं असा कागद, किंवा त्या परिस्थितीत तुम्ही तो आधी द्याल अशी अपेक्षाच ठेवता आली नसती, असंच चालतं. "वकिलाने मागितला नव्हता" हे कारण सहसा टिकत नाही. रॅड बहुतेक प्रकरणं कागदांवरच निकाली काढतं, समोर बोलावणं अपवादानेच येतं. म्हणून जे म्हणायचं ते कागदावर उतरलंच पाहिजे. आणि जो मुद्दा रॅडपुढे मांडला नाही, तो पुढे कोर्टात पहिल्यांदाच काढला तर न्यायाधीश सहसा ऐकत नाहीत.

रॅड निकाल कायम ठेवतं, स्वतः बदलून तुम्हाला संरक्षण देतं, किंवा काही परिस्थितींत प्रकरण आरपीडीकडे परत पाठवतं. स्वतः निकाल बदलण्याचा हा अधिकार कोर्टाकडे नाही. म्हणून 'खरी लढाई कोर्टात' असं मानून रॅडचं काम उरकून टाकू नका. माझ्या मते तुमच्या ताकदीचा मोठा भाग इथेच लावायला हवा.

४. वकील कोण, कन्सल्टंट कोण

योग्य परवाना असलेला इमिग्रेशन कन्सल्टंट बोर्डापुढे तुमची बाजू मांडू शकतो. फेडरल कोर्टात तो उभा राहू शकत नाही. तिथे वकील लागतो, नाहीतर तुम्ही स्वतः. "कोर्टाचं पण मीच बघतो" म्हणणारा कन्सल्टंट भेटला तर पैसे देण्याआधी थांबा. वकील असल्याचं सांगणाऱ्याचं नाव त्या प्रांताच्या लॉ सोसायटीच्या, म्हणजे वकिलांना परवाना देणाऱ्या संस्थेच्या, यादीत शोधता येतं.

पैसे नसतील तर प्रांताच्या लीगल एडकडे त्याच दिवशी अर्ज करा, उदाहरणार्थ लीगल एड ऑन्टारिओ किंवा लीगल एड बीसी. ते उत्पन्नाबरोबर प्रकरणात दम आहे का हेही बघतात आणि त्यात दिवस जातात. त्यांच्या उत्तराची वाट बघत मुदत घालवू नका, कारण कोर्टाचं घड्याळ लीगल एडसाठी थांबत नाही.

आधीच्या वकिलाच्या निष्काळजीपणामुळे हरलो असं म्हणायचं असेल, तर ते नुसतं लिहून भागत नाही. त्या वकिलाला आधी कळवून उत्तर द्यायची संधी द्यावी लागते, आणि त्या चुकीमुळे निकालात फरक पडला असता हे दाखवावं लागतं.

५. फेडरल कोर्ट: आधी परवानगी, मग सुनावणी

इथे सगळ्यात मोठा गैरसमज दूर करते. कोर्टात जे होतं त्याला ज्युडिशियल रिव्ह्यू म्हणतात, आणि ते नेहमीच्या अर्थाने अपील नव्हे. तुम्ही निर्वासित आहात की नाही हे न्यायाधीश ठरवत नाहीत. पेपर पुन्हा लिहायला मिळत नाही, तपासणाऱ्याने नीट तपासला का एवढंच पाहतात.

त्यासाठीही आधी परवानगी लागते, तिला 'लीव्ह' म्हणतात. रॅडचा निर्णय कळल्यापासून १५ दिवसांत फॉर्म आयआर-१ भरून अर्ज दाखल करायचा आणि सरकारच्या बाजूला, म्हणजे डिपार्टमेंट ऑफ जस्टिसला, बजावायचा. फी ५० कॅनेडियन डॉलर. ऑनलाइन दाखल करता येतो, किंवा टोरांटो, मॉन्ट्रियल, व्हँकुव्हर, ओटावा अशा शहरांतल्या रजिस्ट्रीत जाऊन देता येतो. बजावल्याचा पुरावाही दाखल करावा लागतो. अर्ज वेळेत गेला पण बजावणीचा कागद राहिला, हा नवख्यांचा नेहमीचा घोटाळा.

हा पहिला फॉर्म लहान असतो. सगळे युक्तिवाद त्यात कोंबायची गरज नाही. कोणता निर्णय, कोणत्या तारखेचा, कधी कळला, कोणत्या कारणांवर आव्हान आणि काय मागणी, एवढं नेमकं हवं. मुदत उलटून गेली असेल तर वाढीव मुदतीची मागणी याच फॉर्ममध्ये करायची. तेव्हा कोर्ट बघतं की दाद मागायचा तुमचा इरादा सतत होता का, प्रकरणात काही दम आहे का, समोरच्याचं नुकसान होतं का आणि उशिराचं कारण पटण्यासारखं आहे का.

आणखी एक गोष्ट, जी मला फार महत्त्वाची वाटते. बोर्डातली सुनावणी बंद दाराआड असते, कोर्टाचं कामकाज मात्र सार्वजनिक. निकाल नावासकट इंटरनेटवर येतो. ज्यांच्यापासून पळून आलात त्यांनी तुमचं नाव शोधलं तर? नाव गुप्त ठेवण्याचा आदेश मागता येतो, पण ती विनंती सुरुवातीच्या अर्जातच करायची असते. छळाचं कारण घरातलं असेल, लैंगिक ओळखीशी जोडलेलं असेल किंवा तिकडे घरचे मागे राहिले असतील, तर वकिलाला हे आधी विचारा.

६. रेकॉर्ड: इथेच प्रकरण उभं राहतं किंवा पडतं

अर्जानंतर अ‍ॅप्लिकेशन रेकॉर्ड द्यायचं. नियमांत यासाठी ३० दिवस आहेत. प्रकरणांची गर्दी वाढल्यामुळे मे २०२५ मध्ये कोर्टाने विशेष आदेशाने ही मुदत ७५ दिवस केली. तुमच्या वेळी तो आदेश लागू आहे का हे कोर्टाच्या संकेतस्थळावर तपासा, आणि खात्री होईपर्यंत ३०च धरून चाला. रेकॉर्ड वेळेत नाही गेलं, तर न्यायाधीश तुमचं म्हणणं न वाचताच अर्ज फेटाळतात.

लागणारे कागद:

- दाखल केलेल्या अर्जाची प्रत
- ज्याला आव्हान दिलं तो निर्णय आणि त्याची लेखी कारणं
- तुमचं अ‍ॅफिडेव्हिट आणि त्याला जोडलेली, क्रमांक दिलेली कागदपत्रं
- मेमोरँडम
- इंग्रजी किंवा फ्रेंच नसलेल्या प्रत्येक कागदाचं भाषांतर आणि भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र

सगळी पानं सलग क्रमांकाची, पुढे अनुक्रमणिका. हे क्षुल्लक वाटतं, पण न्यायाधीशाला पान सापडलं नाही तर मुद्दाही सापडत नाही.

अ‍ॅफिडेव्हिट तुम्हाला नीट कळत असलेल्या भाषेतून समजून घेऊनच सही करा. ते इंग्रजीत लिहिलं आणि तुम्हाला मराठीतून वाचून दाखवलं असेल, तर दुभाष्यानेही शपथ घ्यायची असते आणि तशी नोंद शेवटी लागते. ती नसली की सरकारी वकील लगेच बोट ठेवतात.

अ‍ॅफिडेव्हिटमध्ये नवे पुरावे भरायचा मोह होतो. गावाकडून आलेलं नवं पत्र, नवी तक्रार, सरपंचाचा दाखला. निर्णय घेणाऱ्यापुढे जे नव्हतं ते कोर्ट सहसा बघत नाही. प्रक्रियेतला अन्याय दाखवायचा असेल तर अपवाद होतो. बाकी नवा पुरावा वकिलाला दाखवून बाजूला जपून ठेवा, तो दुसऱ्या ठिकाणी कामाला येऊ शकतो.

मग मेमोरँडममध्ये लिहायचं काय? कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाच्या २०१९ च्या वाविलोव्ह निकालापासून मुख्य प्रश्न एकच असतो: निर्णय वाजवी होता का? म्हणजे कारणं समजतात का, एकमेकांना धरून आहेत का, पुराव्याला आणि कायद्याला धरून आहेत का. न्यायाधीशांनी स्वतः वेगळा निकाल दिला असता, एवढं पुरत नाही. सुनावणीच न्याय्य झाली नाही, असा मुद्दा असेल तर निर्णयाला लावायची कसोटी अधिक कडक असते आणि ते तुमच्या फायद्याचं असतं.

जे मुद्दे वारंवार चालतात ते असे. विश्वासार्हतेबाबत: शपथेवर सांगितलेलं खरं धरून चालायचं, शंका घ्यायला कारण हवं, हे फेडरल अपील कोर्टाच्या माल्डोनाडो निकालापासूनचं तत्त्व. मेंबरने "असं कुणी वागणार नाही" एवढ्या तर्कावर तुम्हाला खोटं ठरवलं असेल, तर ती जागा कमकुवत असते. दुसरं, तुमच्या बाजूचा महत्त्वाचा कागद निकालात साधा उल्लेखही न करता सोडून दिला असेल. कागद जितका महत्त्वाचा, तितकं गप्प बसणं संशयास्पद, असं कोर्ट म्हणत आलं आहे. तिसरं, सरकारी संरक्षण: तुमच्या देशाचे पोलीस 'प्रयत्न करतात' एवढं म्हटलं, की ते प्रयत्न प्रत्यक्षात पुरतात हे तपासलं?

चौथा मुद्दा भारतातून आलेल्यांनी खास लक्ष देऊन वाचावा. आपल्याकडच्या नकारपत्रांत 'देशातच दुसरीकडे राहता येईल' हे कारण फार वेळा दिसतं. बोर्डाच्या भाषेत आयएफए. त्याच्या दोन कसोट्या आहेत: सुचवलेल्या शहरात छळाचा धोका खरंच नाही का, आणि तिथे जाऊन राहणं तुमच्या परिस्थितीत वाजवी आहे का. दुसरी कसोटी फोडणं फार कठीण. नवी भाषा, नोकरीची अडचण, नातेवाईक नाहीत, एवढ्यावर ती फुटत नाही. जोर पहिलीवर लावा: शोधणाऱ्यांकडे तुम्हाला शोधायचं साधन आणि इच्छा दोन्ही आहेत, याचा पुरावा फाइलमध्ये होता का आणि मेंबरने त्याचं काय केलं? तुमचा ठावठिकाणा घरच्यांपासूनही लपवून ठेवावा लागणार असेल, तर अशी जागा सुरक्षित म्हणता येत नाही, असे निकाल कोर्टाने दिलेले आहेत. नकारात फक्त आयएफए असेल आणि तुम्ही सगळी पानं विश्वासार्हतेवर खर्च केली, तर हातात काही राहत नाही.

७. तोवर देशात राहता येतं का

रॅडच्या नकाराविरुद्ध वेळेत कोर्टात गेलात, तर हद्दपारीला सहसा आपोआप स्थगिती मिळते. दोन ठिकाणी लोक फसतात. मुदत उलटल्यावर वाढीव मुदत मागत गेलात तर ही आपोआपची स्थगिती नाही. आणि रॅडचा हक्क नसल्यामुळे थेट आरपीडीच्या निकालाविरुद्ध गेला असाल तरीही नाही.

अशा वेळी पाठवणीची तारीख आली तर आधी सीबीएसए अधिकाऱ्याकडे ती पुढे ढकलण्याची लेखी विनंती करतात, आणि नकार मिळाला तर कोर्टाकडे स्थगितीचा अर्ज. तिथे तीन गोष्टी लागतात: गंभीर मुद्दा, भरून न येणारं नुकसान, आणि सोयीगैरसोयीचं पारडं तुमच्याकडे झुकणं. बहुतेक अर्ज दुसऱ्या कसोटीवर पडतात. हे काम आयत्या वेळी, विमानाच्या आदल्या रात्री नेऊ नका.

सीबीएसएची बोलावणी चुकवू नका. स्थगिती असली तरी हजेरी आणि बदललेला पत्ता कळवणं चालूच असतं.

८. परवानगीचा निर्णय आणि सुनावणी

रेकॉर्ड गेल्यावर सरकारी बाजू उत्तर देते, तुम्हाला थोडक्यात प्रत्युत्तर देता येतं. मग एक न्यायाधीश फक्त कागद वाचून परवानगी द्यायची की नाही हे ठरवतात. तुम्हाला बोलावत नाहीत आणि नकाराची कारणंही सहसा देत नाहीत. त्या नकारावर वर अपील नाही. कधी मधल्या काळात सरकारी वकीलच प्रकरण परत पाठवायला तयार होतात, तसा प्रस्ताव आला तर वकिलाशी बोलून नीट विचार करा.

परवानगी मिळाली तर सुनावणी ३० ते ९० दिवसांच्या दरम्यान लागते. बोर्डाकडून पूर्ण फाइल कोर्टात येते, ती पाहून पुढचं लेखी म्हणणं देता येतं. सुनावणीत साक्ष नसते. दोन वकील बोलतात, न्यायाधीश प्रश्न विचारतात, तुम्ही मागे बसून ऐकता. माझ्या आयुष्यावर बोलणं चाललेलं आणि मला एक शब्द बोलायचा नाही, हे अंगावर येतं. दुभाषी कोर्टाकडून मिळेल असं गृहीत धरू नका, सोबत इंग्रजी कळणारं कुणीतरी न्या. निकाल बरेचदा त्या दिवशी येत नाही.

सरकार जिंकलं तरी त्यांचा खर्च तुमच्यावर पडेल ही भीती नको. इमिग्रेशन प्रकरणांत विशेष कारणाशिवाय कोर्ट खर्चाचा आदेश देत नाही.

९. जिंकलात तर, हरलात तर

जिंकलात तर जुना निर्णय रद्द होतो आणि प्रकरण दुसऱ्या मेंबरकडे नव्याने विचारासाठी जातं. बहुधा रॅडकडेच. संरक्षण तेव्हाही मिळालेलं नसतं, आणि पुन्हा नकार येऊ शकतो. म्हणून कोर्टाचा निकाल लागताच नवे पुरावे, बदललेली परिस्थिती, ताजे वैद्यकीय कागद गोळा करायला घ्या. बाजूला ठेवलेलं ते पत्र काढायची वेळ ही.

हरलात तर पुढच्या दोन दारांना कुलूप लागतं. पीआरआरए, म्हणजे पाठवण्याआधीची धोक्याची तपासणी, आणि मानवतेच्या कारणावरचा कायम वास्तव्याचा अर्ज, दोन्हींसाठी बहुतेकांना १२ महिने थांबावं लागतं. पीआरआरएची ही मुदत शेवटच्या नकारापासून, म्हणजे कोर्टात गेला असाल तर कोर्टाच्या नकारापासून मोजतात. मानवतेच्या अर्जाला अपवाद आहेत: मुलांच्या हितावर थेट परिणाम होणार असेल, किंवा मायदेशी उपचार न मिळाल्याने जिवाला धोका असेल.

स्थगिती संपली की निर्गमन आदेश लागू होतो आणि ३० दिवसांत देश सोडायचा असतो. स्वतःहून निघत असाल तर विमानतळावर सीबीएसएच्या अधिकाऱ्याला भेटून जाण्याचं प्रमाणपत्र घ्या. ते न घेता विमानात बसलात किंवा ३० दिवस उलटले, तर तोच आदेश डिपोर्टेशनचा होतो, आणि मग कॅनडात परत यायला आधी लेखी मंजुरी काढावी लागते. विमानतळावर नेहमीपेक्षा लवकर पोहोचा. तो काउंटर शोधायला वेळ लागतो.